दुर्वा कुणासाठी काढल्या

२५ ऑगस्ट, सोम.

डबे वेळेत टाकून झाले. शेवटचं घर डॉ. काकांचं. तिथं जरा टेकायला मिळतं. काकूंनी सरबत दिलं. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून त्यांचा स्वयंपाक बंद आहे, म्हणून आपला डबा चालू. नाहीतर एवढ्या मोठ्या घरातले लोक आमच्या डबे करणाऱ्या वै.ताईंच्या हातची भाजी कशाला खातील.

बुधवारी गणपती. काकूंच्या कुंडीतल्या दुर्वा मेल्या. दर हिवाळ्यात कुंडी उचलून आत आणायच्या, यंदा राहून गेलं. त्यांच्या लॉनवर औषध मारलंय, ते गवत देवाला चालत नाही. म्हणाल्या, "कोपऱ्यावरच्या घरापुढं चरी आहे बघ, तिथं तसलंच गवत येतं. मी कित्येक वर्षं तिथूनच आणलंय. उद्या येताना मूठभर आणशील का रे? कोवळी बघ, तीन पानांची."

आणतो म्हणालो.

मला दुर्वा ओळखता येत नाहीत. आमच्या घरी गणपती बसत नाही. बुद्धाची तसबीर आहे, आजोबांच्या वेळची. नांदेडहून इकडं अमेरिकेत येताना बाबांनी ती स्वेटरात गुंडाळून आणली, आता आईबाबांच्या जर्सी सिटीच्या खोलीत टीव्हीच्या वर आहे. हे काकूंना सांगायला काय झालं होतं? पण एक सांगितलं की पुढचं विचारतात. काकूंनी आजपर्यंत आडनाव विचारलेलं नाही. सरबताचा ग्लास हातात देतात, खुर्चीत बस म्हणतात. चालू आहे ते चालू दे.

फोनवर दुर्वांचे फोटो बघून ठेवले. सगळं गवत सारखंच दिसतं यार.

२६ ऑगस्ट, मंगळ.

हात अजून गार आहेत.

कोपऱ्यावर गाडी लावली. चरीत कापायचं मशीन पोचत नाही, तिथं गवत वाढलंय, त्या घराच्या टपालपेटीच्या खांबाभोवती जास्त. उकिडवा बसलो. एका हातात फोन, एका हातात गवत. फोटोशी लावून बघत होतो. एक काढायची, बघायची, टाकायची. ज्याला दुर्वा ओळखता येतात तो दोन मिनिटांत उरकून गेला असता. मी बसलो बराच वेळ.

मागून आवाज, "काय पुरतोयस?"

त्याच घरातला, पन्नाशीचा असेल. हाफ पँट, हातात कॉफीचा मग. मी म्हणालो गवत. तो हसला. "गवत? कशाला?" पूजा म्हणून शब्द आला तोंडात, त्याला काय कळणार. देवाला म्हणणार होतो, पण माझा देव नाही तो. गप्प राहिलो. मग तो हसायचा थांबला.

कुठून आलास? शॉमबर्ग म्हणालो, राहतो ते गाव. "नाही, खरा कुठून?" मग फोन काढून माझं शूटिंग चालू केलं. नंबरप्लेटचं पण. "हस की," म्हणाला. पुन्हा इथं दिसलास तर, एवढं बोलून गप्प. पुढचं बोलला असता तर बरं झालं असतं. आता मीच डोक्यात त्याचं वाक्य पूर्ण करत बसलोय, दर वेळी वेगळं.

मी सॉरी म्हणालो. जाताना थँक यू पण म्हणालो. कशाबद्दल?

काकूंनी मूठ पेपरवर पसरली. "अरे, या दुर्वा नाहीत रे! हे नुसतं गवत आणलंस." मग माझं तोंड बघून म्हणाल्या, असू दे, बाप्पा समजून घेतो. डॉ. काकांनी विचारलं, हात एवढे गार कसे? गाडीत एसी फार होता म्हणालो.

२७ ऑगस्ट, बुध.

टॉनीला सांगितलं. माझा रूममेट, आईवडील व्हिएतनामचे, स्वतः जन्मला इथंच, ॲन आर्बरला. त्याला पण विचारतात खरा कुठून. तो म्हणतो, जन्मलो त्या हॉस्पिटलचं नाव सांगतो मी, वॉर्डासकट. त्याचं म्हणणं, तू पण फोन काढायचा, तू पण शूट करायचं. मोठ्यानं बोलायचं. सॉरी म्हणालास ना, तिथं संपलं.

त्याच्यासारखी इंग्लिश असती तर मी पण मोठ्यानं बोललो असतो. इकडं येऊन अकरावीत शाळा सोडली तेव्हा मास्तरीण म्हणाली होती, भाषा येईल हळूहळू. आली. पण घाबरलो की जाते.

डॉ. काकांकडं प्रसाद. मोदक मस्त. माझं गवत खरंच वाहिलंय गणपतीवर, लाल फुलाच्या खाली. बघून कसंतरी वाटलं. कुणी हात जोडायला लावले नाहीत, मी पण ताटावरच लक्ष ठेवलं.

जाताना कोपरा टाळून गेलो. लांबचा वळसा.

२८ ऑगस्ट, गुरु.

वै.ताईंनी किचनमध्ये बाजूला घेतलं. त्यांच्या गिऱ्हाइकांपैकी कुणीतरी त्यांना पाठवलं. त्या एरियातल्या लोकांचा ग्रुप आहे, त्यात माझा व्हिडिओ. उकिडवा बसलेला, मागून काढलेला, म्हणजे मला हाक मारायच्या आधीच. टीशर्ट वर गेलाय, कंबर दिसतेय. पहिल्यांदा तेच बघितलं मी. मग खाली काय काय लिहिलंय ते. घरं हेरतोय. कागद आहेत का याच्याकडं. कुणीतरी लिहिलं, इमिग्रेशनला एक फोन करा, उचलून नेतील.

एका बाईनं लिहिलंय, अहो तो नुसतं गवत काढतोय. तिला सगळ्यांनी झोडपलं.

आणि डॉ. काका. पूर्ण नावानं. ताईंनी वाचून अर्थ सांगितला. हा फक्त डबे पोचवणारा मुलगा आहे, आपल्या वस्तीतला नाही, आम्ही त्याला समज दिली आहे.

कधी दिली समज?

दुर्वा आणायला सांगितलं ते कुठंच नाही.

ताई म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नको. त्यांना तिथं राहायचंय." मला पण राहायचंय की, म्हणालो. ताई पोळ्या लाटत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुझा रूट बदलू का? सरळ सांग." नको म्हणालो. रूट बदलला तर चोर ठरतो. नाही बदलला तर रोज तिथून जायचं. नको म्हणून बसलो खरा.

३० ऑगस्ट, शनि.

डबा दिला. काकांच्या दारात नवा झेंडा लागलाय, अमेरिकेचा, हा मोठा. पुढचे पडदे बंद, भरदुपारी. गणपतीपुढं समई आणि बाहेरून काही दिसू नये अशी सोय. म्हणजे ते पण घाबरलेत.

काका दारातच भेटले. आत ये म्हणाले नाहीत. "अरे बाबा, एवढा वेळ लागतो का दुर्वा काढायला? पटकन काढून यायचं. आमची ही इतकी वर्षं काढायची, कुणी हूं म्हणून विचारलं नाही."

तेव्हा सांगता आलं असतं. काका, मला ओळखता येत नाहीत, आमच्यात नसतं हे. मी रिकामा डबा घेतला आणि सॉरी म्हणालो. तिकडं त्या माणसापुढं पण तेच म्हणालो होतो. तो नवा होता, त्याला घाबरलो ते ठीक. काका तर आपले.

आपले?

ग्रीन कार्ड आता पाकिटात ठेवत नाही, शर्टाच्या आतल्या खिशात ठेवतो. दर सिग्नलला हात लावून बघतो. मागं पोलिसांसारखी कुठली पण पांढरी गाडी आली तरी ती पुढं जाईपर्यंत कडेला थांबतो.

१ सप्टें., सोम.

सुट्टी. आईचा फोन. जेवलास का, थंडी पडली का. म्हणालो आई, अजून उन्हाळा आहे. ती म्हणाली मग आवाज असा का. रेंज नाही म्हणालो.

टॉनी पार्कात घेऊन गेला, त्याचे मित्र कोंबडी भाजत होते. एका जणानं फोटो काढायला मोबाइल वर केला आणि मी खाली वाकलो, बूट बांधायला. बुटाला लेस नव्हती.

२ सप्टें., मंगळ.

पोलिसांचा फोन. बाई होती, चांगली बोलली. अटक नाही, आरोप नाही, फक्त या, थोडं बोलू. त्या माणसाचं टपाल गेलंय म्हणे टपालपेटीतून, काहीतरी महत्त्वाचं होतं. व्हिडिओत मी पेटीशेजारी. परवा सकाळी.

टॉनीनं शोधून सांगितलं, टपाल चोरणं म्हणजे मोठा गुन्हा इथं. कार्ड जाऊ शकतं का विचारलं तर त्यानं फोन उलटा ठेवला. मग म्हणाला वकिलाशिवाय एक शब्द बोलू नको. वै.ताई म्हणतात वकील सोबत दिसला की वाटणार ह्यानंच केलं. "डॉक्टरांना ने. त्यांनी एवढंच सांगायचं, आम्ही पाठवला होता. संपला विषय. त्यांच्या शब्दाला तिथं मान आहे."

म्हणजे सगळं काकांवर आलं. ते आले तर मी डबेवाला, कामाला पाठवलेला. नाही आले तर मी चरीत बसलेला कोण कुठला.

गेलं काय असेल त्याचं टपाल? मीच आठवून बघतोय, पेटीला हात लागला का. उठताना खांबाला धरलं होतं. धरलं होतं का?

३ सप्टें., बुध.

आज दुपारी विचारलं. आत बोलावलं नव्हतं, तरी डबा घेऊन सरळ आत गेलो, बूट काढून. काका पेपर वाचत होते.

ऐकून घेतलं सगळं. चष्मा पुसला. "हे बघ संदीप, मी ग्रुपवर लिहिलं ते तुझ्याच भल्यासाठी. प्रकरण वाढू नये म्हणून. आम्ही इथं जे काही मिळवलं ते आवाज न करता मिळवलं."

मी म्हणालो, काका, मी पण आवाज केला नाही. सॉरीच म्हणालो.

त्यांनी पेपर पुन्हा उचलला. मग म्हणाले, "मी बघतो."

आतून काकूंचा आवाज, "बघतो काय? मी पाठवलं होतं त्याला. बघतो म्हणे!"

"तू मध्ये पडू नकोस. पोलिसांत एकदा नाव गेलं की..."

"माझं जाऊ दे नाव. गवतच आणायला सांगितलं होतं ना? बँक लुटायला नव्हतं सांगितलं."

काकू वॉकर धरून बाहेर आल्या. घामेजल्या होत्या. मला म्हणाल्या, "पण तू तिथं एवढा वेळ करत काय होतास रे? ते विचारतीलच. व्हिडिओत नुसता बसलेलाच दिसतोयस. काय सांगणार?"

शोधत होतो म्हणालो.

"दुर्वा शोधायला लागतात? मराठी घरातल्या पोराला?"

काकांनी पेपर खाली केला. माझ्याकडं बघितलं, नीट. पहिल्यांदाच असं वाटलं. मी डबा टेबलावर ठेवला आणि निघालो. उद्या सकाळी किती वाजता ते दारातून सांगितलं. हो नाही काही ऐकू आलं नाही. किंवा मी थांबलो नाही.

४ सप्टें., गुरु.

पोलीस स्टेशनच्या पार्किंगमध्ये. स्टीअरिंगवर वही ठेवून लिहितोय. लवकर आलो. झोप नाहीच.

काचेचं दार आहे. आत एक बाई बसलीय, मधून मधून इकडं बघते. लिहिताना बघून आणखी संशय आला असेल.

इंग्लिशमध्ये म्हणून बघतोय. गवत काढत होतो. कुणासाठी? पूजेसाठी. इथपर्यंत येतं. मग पोलीस बाई विचारणार एवढा वेळ का? खरं एकच आहे. मला ओळखता येत नव्हतं, माझ्या घरी ही पूजा होत नाही, पूजा यांच्या घरची. यांच्या म्हणताना काका शेजारी बसलेले असणार. त्या बाईला काही वाटणार नाही, तिला आम्ही सगळे एकच. काकांना कळेल.

आणि खोटं बोललो, म्हणालो सहज बसलो होतो, तर गेलं कार्ड.

कालपासून एक मन म्हणतं काका न आले तर बरं. काय पण डोकं आहे. ते नाही आले तर कोण ऐकणार माझं.

टॉनीचा मेसेज, मोठ्यानं बोल.

वेळ झाली जवळपास.

काकांची गाडी आली आत्ता. लांब, कडेला लावलीय. काकू पण आहेत, पुढच्या सीटवर, वॉकर मागं दिसतोय. काहीतरी बोलतायत दोघं. काकूंचा हात जोरात हलतोय. काका समोर बघतायत. मी दिसलोय त्यांना, नक्की दिसलोय.

उतरतो. आमच्या घरी गणपती बसत नाही ते काकांना इथंच आधी सांगतो, आत जायच्या आत. मग यायचं तर येतील.

काकांनी इंजिन अजून बंद केलेलं नाही.