बाराव्या पानावरचा मुडदा

औरंगाबाद, १४ मे १९७४

करमाडच्या आप्पासाहेबांना धाकट्या मावसभावाचा, कडूबाचा, वाकून नमस्कार. गुडघा जरा बरा असेल आणि रामकिसनशी बांधावरचं भांडण नेहमीच्या ताकदीनं चालू असेल, असं समजून पुढं लिहितो.

ताजी बातमी अशी, की तुमच्या मेहुण्यांची, बद्रीनाथांची, तीनशेबारावी रहस्यकादंबरी ऐंशीव्या पानावर अडली आहे. छापखान्यातल्या फकिरानं हे सांगितलं आणि तुमच्या बहिणीनं, द्वारकाबाईंनी, दुजोरा दिला. पंचवीस वर्षांत हा माणूस कधी अडला नव्हता.

तुम्हाला ठाऊकच आहे, पोलीस ॲक्शननंतर त्यांची निजामाच्या कचेरीतली कारकुनी सुटली. शाळा उर्दूतली, मराठी घरातली. पहिली कादंबरी त्यांनी मराठीत, पण उर्दू लिपीत लिहिली. छापखान्यात एकानं वाचायची, दुसऱ्यानं शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. तेव्हापासून दर तिसऱ्या दिवशी सोळा पानांचा एक फर्मा, ताप असो की पाहुणे. (मागं एका कादंबरीतला खुनी दुसऱ्याच कादंबरीत पकडला गेला. वाचकांनी तक्रार केली नाही. दोन्ही पुस्तकं संपली.) मी वीस वर्षं वर्तमानपत्रात काढली, पण असा हात पाहिला नाही. पात्रांची नावं ते स्वयंपाकघराच्या दारावर खडूनं लिहितात. कुणी मेलं, की द्वारकाबाई ओल्या फडक्यानं नाव पुसतात.

"आज कोण गेलं म्हणं?"

"पोस्टमास्तर."

"चांगला व्हता की बिचारा."

पण एक नियम कडक: सोयऱ्याधायऱ्यांचं नाव मुडद्याला द्यायचं नाही. तो नियम गेल्या दिवाळीला मोडला. 'पाणचक्कीवरची किंकाळी'च्या बाराव्या पानावर 'करमाडचे आप्पासाहेब' हौदात तरंगताना सापडले. ते पान रामकिसननं पारावर मोठ्यानं वाचून दाखवलं, हेही कानावर आलं. (तुमचा खरा राग मरणाचा नाही, असं मला वाटतं. त्याच पुस्तकात रामकिसन नावाचा साक्षीदार फेटा बांधून शेवटच्या पानापर्यंत जिवंत राहतो, तो झोंबला.) आता चोवीस तारखेला सुगंधाचं लग्न, आणि तुमचा निरोप आला: "मेलेला माणूस भाचीच्या लग्नाला येत नसतो."

तो ऐकल्यापासून बद्रीनाथांची लेखणी थांबली आहे. मंगलाष्टकांना मुलीच्या मागं मामा लागतो. द्वारकाबाईंनी तर सांगून टाकलंय, "मामाबगर माझी लेक बोहल्यावर चढायची नाय." दारावर सध्या एकच नाव आहे, तुमचं. ते द्वारकाबाईंनी स्वतः लिहिलंय आणि फडकं लपवून ठेवलंय.

बद्रीनाथांनी हजारेक माणसं मारली असतील, पण मुंगीलाही वाट सोडून चालणारा गृहस्थ आहे. राग सोडा आणि या.

तुमचा,
कडूबा

ता. क. एक सांगायचं राहिलं. ते बारावं पान मी लिहिलं. त्या आठवड्यात बद्रीनाथ टायफॉइडनं आडवे होते, फकिरा दारात उभा होता, आणि रिकामी जागा भरायची मला सवय. मुडद्याला नाव हवं होतं. टेबलावर तुमचं पत्र पडलं होतं. (रामकिसनचं नावही त्याच पत्रातलं. त्याच्याबद्दल तुम्ही चार पानं लिहिली होती, म्हणून त्याला साक्षीदार केलं, आणि बरे झाल्यावर बद्रीनाथांनी तो शेवटपर्यंत जगवला.) पुस्तक आल्यावर मी कबूल करायला निघालो, तर बद्रीनाथांनी अडवलं. म्हणाले, "पुस्तकावर नाव माझं, मग मुडदाबी माझाच. तू गप बस." सहा महिने मी गप्प बसलो. तेव्हा राग घेऊनच या, पण उतरल्यावर तो माझ्यावर काढा.

ता. क. २. लग्नाच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, सकाळपासून बद्रीनाथ एसटी स्टँडवर करमाडकडून येणाऱ्या प्रत्येक गाडीला उभे राहणार आहेत. फकिराही कोरे कागद घेऊन सोबत असेल. ऐंशीव्या पानाची शेवटची ओळ मी पाहिली आहे: गाडी थांबते, दार उघडतं, आणि एक पाहुणा पायरीवर पाय ठेवतो. पुढचं पान तिथंच लिहिलं जाईल, असं दिसतं.