क्लास ठरला, आई

प्रिय आई,
सप्रेम जय भीम.

फोनवर तू 'जेवलीस का'च्या पुढे जाऊ देत नाहीस, म्हणून लिहितेय. मी बरी आहे. घणसोलीची खोली लहान आहे, पण पाणी वेळेवर येतं.

बँकेतली जोखीम कशी मोजायची, त्याची एक मोठी परीक्षा मी देतेय. क्लास निवडताना मात्र जीव थाऱ्यावर नव्हता. वाशीच्या क्लासातले सर म्हणाले, "नोकरी सोडा, पास करायची गॅरंटी माझी." मी अभ्यासातली एक शंका विचारली, तर हसण्यावारी नेली. मग ऑफिसातल्या ऋताने ऑनलाइन शिकवणाऱ्या एका मॅडमचा नंबर दिला. त्यांना तीच शंका विचारली. त्या म्हणाल्या, "आत्ता नीट सांगता येणार नाही गं, उद्या बघून सांगते." दुसऱ्या दिवशी खरंच त्यांचा फोन आला आणि मला समजेपर्यंत त्यांनी समजावलं. मी तिथेच नाव नोंदवलं.

तरी धाकधूक आहेच. गॅरंटी सोडून चूक तर नाही ना केली?

बाबांची शुगर कशी आहे? गोळ्या घेतात ना?

माझ्यासाठी स्थळ घेऊन आलेल्या परभणीच्या पाहुण्यांना परीक्षेपर्यंत थांबायला सांग. थांबत नसतील तर तूच नाही म्हणून टाक. बाबांना सांगायची माझी हिंमत होत नाही.

तुझीच,
क्रांती