यादीतला सहावा दोष

रविवार, ६ एप्रिल

आधीच कबूल करतो. या घरात येऊन दोन तास झाले नायत आणि मी एक काम केलं जे करायला नको होतं. कपभर काळा चहा स्वयंपाकघराच्या भिंतीवर ओतला, ओल्या फडक्यानं पसरवला, वरून मीठ चोळलं. आता ती भिंत अशी दिसती की तीन पावसाळे पाणी पिऊन बसली. कन्नडला दोन महिने पेंटरच्या हाताखाली होतो. शाळेत दहा वर्षांत शिकलो नाय एवढं तिथं शिकलो.

पण कारण बी ऐका. करुणाताई आणि संघपालदाजी नऊ वर्षं एका खोलीत भाड्यानं राहतेत. पडेगावकडचं हे घर ताईच्या मनात बसलं. बँकेनं दाजीला जेवढं कर्ज दिलं त्यात ते थोडक्यासाठी बसत नाय. ताईला चौदा तारखेला, जयंतीला, स्वतःच्या दारात मेणबत्त्या लावायच्यात. मालकीण वच्छलामावशी म्हणल्या, दुरुस्ती निघंल तेवढं किमतीतून कापू. मग दुरुस्ती निघायला नको?

नळाला इथं आठवड्यातून एकदा पाणी येतं. ते किती वेळ येतं, हौदात किती टिकतं हे बघितल्याबिगर शहाणा माणूस इसार देत नाय. म्हणून मला राखणीला ठेवलंय. ताई म्हणली, सत्या, पाणी आलं की फोन कर, मग मी पुंडलिक मिस्त्रीला घेऊन येते. फोन येईस्तोवर मी काय येत नाय, तू बी खोड्या करू नको. दाजी म्हणला, बोक्याला दुधाची राखण दिली. दाजीचा राग अजून गेला नाय. मागं मी विहिरीत पडलोय असा फोन केला होता, तो बिचारा ड्युटी सोडून कन्नडला आला आणि मी विहिरीवर पेरू खात बसलो होतो.

खरं सांगू का, घर एक नंबर हाय. दोन्ही अंगाला घरं चिकटलेली, समोर एकच दार, त्यावर झरोका, मागच्या खोलीला गजांची खिडकी. हौद स्वयंपाकघराखाली, गळ्यापर्यंत भरलेला. रुपयाच्या नाण्यानं एकेक फरशी ठोकून बघितली. पोकळ फरशी ढब वाजती, भरीव टण वाजती. सगळ्या टण.

किल्ली देताना मावशी म्हणल्या, बाबा, घराला नावं ठेवू नको. आमच्या मालकांनी, काकासाहेबांनी, हातानं बांधलंय. भाडेकरूनं नळ खराब म्हणलं की नळ उपटून त्याच्या हातात द्यायचे. वर म्हणायचे, म्हणला होतास ना, घे आता. शेवटी त्या मागच्याच खोलीत वारले. मी म्हणलं, मावशी, मी कशाला नावं ठेवतोय.

सोमवार, ७ एप्रिल

यादी केली. ओल एकटी पुरायची नाय, म्हणून अजून पाच दोष लावले.

१. स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल.
२. हौद गळतो.
३. मोबाईलला रेंज नाही.
४. दार फुगलंय, आतून उघडत नाही.
५. आतला आवाज बाहेर जात नाही, कोंडल्यासारखं होतं.
६. मागच्या खोलीत कुणीतरी राहतं.

सहावा नुसता गंमत म्हणून. फोटो काढून ताईला पाठवला, तिनं न वाचताच मावशींना पाठवला. मग तिचा फोन आला. शिव्या घातल्या, सहावा वाचून हसली बी.

संध्याकाळी भिंतीला हात लावला. ओली. चहा कालच वाळला होता. वास बी चहाचा नाय, ओल्या मातीचा. डाग छतापर्यंत गेलाय. म्हणलं बरं झालं, माझं पाप कमी झालं, ओल खरीच निघाली.

मंगळवार, ८ एप्रिल

सकाळी तांब्या भरायला हौदाचं झाकण काढलं. कोरडा. तळाला ओल सुद्धा नाय, एवढं पाणी गेलं कुठं. ताईला फोन लावला, रेंज नाय. काल चार काड्या होत्या. म्हणलं टपरीवर जाऊन लावावा.

दार उघडना.

कडी निघाली, कुलूप निघालं, पण लाकूड चौकटीत असं बसलंय की भिंतच. काल बोटानं उघडत होतं. दुपारभर लाथा घातल्या. मग वहीतली यादी काढून बघितली. एक, दोन, तीन, चार. क्रमानं चाललंय.

यादी खोडली. पान जाळलं. पण ती माझ्या हातात राहिली कुठं? ताईकडं हाय, मावशींकडं हाय. दुसऱ्या पानावर लिहिलं, दार झकास उघडतं. काय झालं नाय. या घराला चांगलं ऐकू येत नाय, नुसती नावं ठेवलेली ऐकू येतेत.

बुधवार, ९ एप्रिल

पाणी आलं. झरोक्यातून सगळं ऐकू येतंय. हंडे, मोटारी, शेजारची चतुराबाई कुणाच्या तरी पाईपवरून भांडती. दारापासून चार हातांवर. म्हणती, तुझ्या बापाचा नळ हाय का गं. मी गळा फाटेस्तोवर ओरडलो. ताटावर पळी बडवली. तिचं भांडण एका शब्दानं सुद्धा अडलं नाय.

पाचवा.

नळाखाली तांब्या धरला, तेवढंच पाणी. बाकीचं हौद पिऊन गेला. ताई फोनची वाट बघत असंल. मागच्या खोलीकडं गेलो नाय. दार लोटून पाट टेकवलाय.

गुरुवार, १० एप्रिल

अकराच्या उन्हात पुंडलिक मिस्त्री आला. बाहेरून दार एका बोटात उघडलं. मी दाराकडं पळालो, पण तो आत आणि त्याच्या पाठीमागं दार बंद. म्हणला, इकडून चाललो होतो, ताईनं दाखवलेल्या यादीतली ओल बघावी म्हणलं, ताईला काय सांगितलं नाय. मी सगळं बोललो. तो हसला. म्हणला, विहिरीची गोष्ट मला बी माहितीये रे. मग त्यानं खांदा लावला, पटाशी लावली, आणि हसायचा थांबला.

म्हणला मागच्या खिडकीचे गज कापू. मी नको म्हणलं. पाया पडलो. त्यानं पाट सरकवला, आत गेला.

हातोड्याचा एकच ठोका.

मग काय नाय. मी हाका मारल्या. त्याची चप्पल उंबऱ्यापाशी हाय, पाय नायत.

मग आवाज आला. नाण्याचा. फरशीवर. टण. थांबून, पुढच्या फरशीवर, टण.

शुक्रवार, ११ एप्रिल

रात्रीतून उंबऱ्याच्या अलीकडं आलंय. एकेक फरशी ठोकतंय. घाई नाय त्याला. दिसत काहीच नाय, उजेड भरपूर हाय —

लिहून झालेली पानं फाडून दाराखालून सरकवतोय. ज्याला सापडतील त्यानं दार उघडू नका. बाहेरून उघडतं. आत आलेला —

माझी यादी. मिस्त्री माझ्यामुळं —

कुणाला सांगू नका. पाया पडतो. ताईला कळलं तर ती चप्पल न घालता पळत येईल. विहिरीच्या टायमाला बी आली होती. कुणी विचारलंच तर म्हणा, पोरगं पुण्याला पळालं. दोनदा पळालोय मी, पटंल तिला. जयंतीला तिला दुसरं कुठलं तरी दार —

चार फरशा राहिल्या. टण.

तीन.

वही मांडीवर हाय, पाठ दाराला —

फरशा संपल्या. नाणं आता माझ्या गुडघ्यावर. गार हाय. हळू ठोकतंय. भरीव का पोकळ ते बघतंय —

ढब वाजलं.

ताईला सांगू न