दोन दोऱ्यांचा ड्रम

विहिरीचा मळा, नसरापूरजवळ
ता. १२ मार्च २००३

श्रीमान धनाजीराव, मुक्काम धनकवडी, तिसरा मजला, यांना मौलाली बागवानाचा सलाम आणि नमस्कार. दोन्ही पाठवले आहेत, जो लागेल तो ठेवून घ्यावा. आपले गुडघे कसे आहेत? सूनबाई आणि नातवंडं खुशाल असतीलच. आपण पुणेकर झाल्यापासून आपल्याला 'आपण' म्हणायचं मी ठरवलं आहे आणि पत्र संपेपर्यंत ते निभावणार आहे. माझी तब्येत उत्तम आहे. (खोकला आहे, पण तो जुनाच, त्यात नवीन काही नाही.) इकडे आपल्यावाचून कुणाचं काही अडलेलं नाही, हे कळवण्यासाठीच लिहायला बसलो.

तर दसऱ्याच्या सुमारास नव्या कृषी सहाय्यक वैष्णवी मॅडम (वय फार तर तेवीस, स्कूटीवरून येतात, मला काका म्हणतात आणि आपल्या विहिरीचं पाणी पिण्याआधी आत डोकावून बघतात) एक फॉर्म घेऊन आल्या. वर लिहिलं होतं, 'कांदावर्गीय पिकांच्या उत्पादनाचा वीस वर्षांतील कल'. कांदा, पात, लसूण, सगळ्याचं सालवार उत्पादन भरायचं. मी म्हटलं, वही मी कधी ठेवली नाही. त्या म्हणाल्या, आठवेल तसं सांगा. आता मला कसं आठवतं ते तुला माहीत आहे. (आपल्याला माहीत आहे.) लेकीच्या, शगुफ्ताच्या, लग्नाच्या साली पन्नास पोती कांदा, त्यातली चार वऱ्हाडानंच संपवली. तुझा बैल विहिरीत पडला त्या साली तीस, कारण बैल काढून त्याची समजूत घालण्यात आठ दिवस गेले आणि पाणी द्यायचं राहिलं. ज्या साली कांद्याचा भाव वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर आला त्या साली आपला सगळा कांदा चाळीत सडला होता, आणि आपण दोघं बाजारात अर्धा किलो विकत आणायला तोंड लपवून गेलो होतो. मॅडमनी बैल आणि वऱ्हाड गाळून बाकीचं लिहून घेतलं.

लसणापाशी गाडी अडली. लसूण मी कधी मोजलाच नाही. तुझी भाभी जाहिदा त्याच्या वेण्या घालून आढ्याला टांगायची आणि मला फक्त त्या वेण्या आठवतात. घरात नऊ माणसं जेवायची तेव्हा चाळीस वेण्या, घरातून वाकून चालावं लागे. शगुफ्ता सासरी गेली, पस्तीस. भाऊ वेगळा झाला, वीस. एहसान चाकणला कंपनीत लागला, बारा. जाहिदा गेली त्या साली तिनं घातलेल्या सहा होत्या. त्या मी पुढं दोन वर्षं उतरवल्या नाहीत, पाकळ्या आतून पोकळ झाल्या तरी. आता मी एकच वाफा लावतो. वेणी मला घालता येत नाही, म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवतो. मॅडमनी या आकड्यांची टिंबं देऊन ती जोडली आणि रेघ मला दाखवली. वरंध्याच्या घाटातून उतरणाऱ्या एसटीसारखी ती खाली आली होती. मी म्हटलं, मॅडम, हा लसणाचा कल नाही, आमच्या घरातल्या ताटांचा आहे. त्यांनी फॉर्म पुन्हा उलटून बघितला. मग म्हणाल्या, काका, घटीचं कारण एका शब्दात लिहायचं असतं : पाऊस, रोग, मजूरटंचाई, बाजारभाव किंवा इतर. मी 'इतर'वर खूण केली. त्यापुढं कंसात 'थोडक्यात लिहा' होतं आणि बोटभर जागा. तिथं जे मावलं नाही ते तुला लिहितो आहे.

माझी रेघ बघून मॅडमना वाईट वाटलं असावं, कारण पुढच्या आठवड्यात त्या लीक नावाच्या भाजीची रोपं घेऊन आल्या. कांद्याच्याच कुळातली भाजी, पुण्यातली हॉटेलं सूप करतात म्हणे. पाच गुंठे लावली. पात लसणासारखी चपटी, दांडा अंगठ्याएवढा जाड, आणि खाली गड्डा म्हणून नाही. मॅडमनी तीनदा सांगितलं की याला गड्डा धरत नाही, पांढरा दांडाच खातात, माती लावा आणि सरळ उभं राहू द्या. मी तीनदा मान हलवली आणि एकदाही विश्वास ठेवला नाही. बागवानाच्या घरात जन्म घेतलेल्या माणसाला कांद्याच्या कुळातलं कुणी शिकवावं? दर शुक्रवारी नमाजाहून आलो की एक रोप उपटून गड्डा धरला का ते बघायचो. (अशी सोळा रोपं गेली. ती मी फॉर्ममध्ये 'रोग' या सदरात घातली.)

फेब्रुवारी संपत आला तरी पात हिरवीगार आणि ताठ उभी. आता कांद्याच्या पातीच्या माना वेळेवर आडव्या पडल्या नाहीत तर आपण काय करतो? वेल्ह्याचा रस्ता डांबरी झाला तेव्हा आपण दोघांनी उचलून आणलेला तो रिकामा ड्रम, दोन्ही तोंडांना दोरी, एक तुझ्या हातात, एक माझ्या, आणि वाफ्यावरून फिरवला की माना मोडतात, कांदा पोसतो. तीस वर्षं हेच केलं. तू असतास तर बांधावर बसून म्हणाला असतास, "मौला, दम धर जरा. म्होरं काय व्हतंय ते तरी बघू." पण बांधावर कुणी नव्हतं. म्हणजे चूक माझी नाही, तुझीच आहे. दोन दोऱ्यांचा ड्रम एकट्यानं ओढायचा म्हणजे काय होतं ते तुला ठाऊक आहे. ड्रम तिरका गेला, बांधावर चढला, मी पालथा पडलो. तरी उठून पाचही गुंठे फिरवले आणि समाधानानं घरी येऊन झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलांना माल देणाऱ्याचा टेम्पो आला. त्या माणसानं वावर एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं आणि विचारलं, "काका, ह्याला इस्त्री कशापायी केली?" टेम्पो रिकामा परत गेला. वैष्णवी मॅडम रागावल्या नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. मग मी आठ दिवस लीकचं पिठलं, लीकची भाकरी आणि लीकची चटणी खाल्ली. उरलेलं शेजारच्या फुलाबाईंच्या म्हशीला मोठ्या मनानं टाकलं. म्हशीनं खाल्लं, पण डेअरीवाल्यानं सलग चार दिवस दूध परत पाठवलं, म्हणाला, दुधाला फोडणीचा वास येतो. तेव्हापासून फुलाबाई माझ्याशी बोलत नाहीत. इथं माझ्याशी बोलणाऱ्यांची रेघ काढली तर तीही घाटातच आहे.

तुझ्या वावरात तुझ्या लेकानं 'प्लॉट विकणे आहे' असा बोर्ड लावला आहे. त्यावर थव्यातून चुकलेली एक भोरडी येऊन बसते. परवा मी तिला कांद्याचा भाव सांगितला, तेव्हा लक्षात आलं की दिवसभरात बोललेलं ते माझं पहिलंच वाक्य होतं. एहसान म्हणतो, अब्बा, घराला कुलूप घाला आणि चाकणला या. मॅडमना फॉर्म मार्चअखेर परत द्यायचा आहे. सगळे रकाने भरले, शेवटचा तेवढा राहिला : 'पुढील हंगामातील अंदाजित क्षेत्र'. तिथं शून्य लिहिलं की मी चाकणला जायला मोकळा. पेन दोनदा हातात घेतलं. करमत नाही रे धनाजी, एवढंच खरं आहे.

बाकी सर्व क्षेम. एवढ्या लिहिण्यात काही समजलं असलं तर बरंच, नसलं तरी लोभात खंड नाही.

तुझा (आपला)
मौलाली

ता. क. : विहिरीकडेचा दहा गुंठे कांदा उभा आहे. पाडव्याच्या आगेमागे माना पडतील, पण निम्म्या उभ्याच राहतील असा रंग दिसतो. ड्रमला दोन माणसं लागतात. केवळ कामापुरतं म्हणून विचारतो. स्वारगेटहून एसटी आहे, पुढं वडापची जीप मिळते, गुडघ्यांना त्रास नाही.

ता. क. २ : फॉर्म सोबत पाठवतो आहे. शेवटचा रकाना तूच भर. भरून पोस्टानं पाठवू नकोस, गहाळ होतो. हातानं आणून दे.

ता. क. ३ : ड्रम बांधावर चढला, मी पालथा पडलो, ते खोटं लिहिलं. ड्रम रिकामा असतो रे. दोऱ्या न धरता नुसता एका हातानं ढकलला तर सरळ जातो, आणि म्या तसाच ढकलला. तुझ्या बाजूची दोरी तेवढी मातीतनं फरफटत व्हती. दोन माणसं लागत न्हाईत, कधीच लागत नव्हती. तरी ये.