उड्डाणपुलाच्या वाटेतलं खोटं घर

३ मार्च
नवा उड्डाणपूल आमच्या वस्तीतून जाणार. त्याचा समाजावर काय परिणाम होईल, हा अभ्यास माझ्याकडे! शेवटी कदर झाली. थिअरी सोपी आहे: अडीनडीला कोण कोणाकडे धावतं, त्याच्या रेघा काढायच्या. पुलाने रेघा तुटल्या की नुकसान. सर्व्हेला दोन मुली नेमल्या. घरांना नावं नाहीत, फक्त कोड. ओळखीपाळखीने पूर्वग्रह होतो. माझी तर इथे कोणाशीच ओळख नाही. केवढा फायदा!

समोरचा शिंपी दिवसभर टेहळणी करत बसतो. म्हणून मी मागच्या दाराने ये-जा करतो.

५ मार्च, दुपार
कोणीतरी पुढचं दार बडवत होतं. उघडलं नाही. काहीतरी गळ्यात मारायला आलेले. मी काय दूधखुळा आहे?

बायको अजून माहेरीच. कारण, सासूबाईंचा गुडघा. मेव्हणा बोलून गेला की गुडघा कधीच बरा झाला. मग? नक्कीच काहीतरी शिजतंय.

९ मार्च
तक्ता भिंतीवर लावला. शिंप्याकडे सगळ्यांच्या रेघा. इथे पाणी मुरतंय. कोड सतराला मात्र एकही रेघ नाही! मुली म्हणतात, दार वाजवलं, कोणी उघडलं नाही. सर, तुम्हीच एकदा जाऊन बघा. मला कशाला पाठवतायत? फितूर दिसतात. थिअरी असताना जायची गरज काय?

१० मार्च
डोक्यात लख्ख प्रकाश! इतकं एकटं कोणी राहूच शकत नाही. म्हणजे घर खोटं, भरपाई लाटायला कागदावर उभं केलेलं. ठणकावून लिहिलं, कोड सतरा वगळा. साहेबांनी वगळलं. बायकोला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, अहो, माणसांत मिसळा जरा. विषय बदलते. संशयास्पद.

२४ मार्च
पुलाचा खांब माझ्या स्वयंपाकघरात येणार, आणि भरपाईच्या यादीत माझं घरच नाही! ऑफिसात जाऊन टेबल बडवलं, कोणाचा कट आहे हा? साहेबांनी माझाच अहवाल पुढे सरकवला.

संध्याकाळ
घरात माणूस राहतो, असं एका शेजाऱ्याने उद्यापर्यंत लिहून द्यायला हवं. नाइलाजाने शिंप्याकडे गेलो. सर्व्हेवाला आहे म्हटल्यावर बिचाऱ्याने खुर्ची दिली, चहा मागवला. कोणत्या घराचं लिहून देऊ, म्हणाला. मी समोर बोट दाखवलं.

तो म्हणाला, तिथे एक ताई राहायच्या, फार चांगल्या होत्या. त्या माहेरी गेल्यापासून तिथे कोणी राहत नाही.