सुरमईचा भाव

आई, आज सकाळी मी कांजूरच्या बाजारात सुरमईचा भाव विचारून आले. घ्यायची नव्हती, ऑफिसच्या यादीसाठी हवा होता. माझं काम तुला कधी नीट कळलं नाही आणि मीही कधी बसून सांगितलं नाही. कंपन्या माणसांना एका शहरातून दुसऱ्या शहरात पाठवतात, तेव्हा तिथे राहायला किती जास्त लागेल ते आमचं मरोळचं ऑफिस काढून देतं. त्यासाठी दोन्हीकडच्या बाजारात फिरून तांदूळ, दूध, मासे, घरभाडं, अगदी केस कापायचेसुद्धा भाव टिपायचे. तू शेजारणींना सांगायचीस, "आमचां चेडू भाव इचारीत फिरता आणि तेचो पगार घेता." तेव्हा मला लाज वाटायची. आता वाटतं, इतकं नेमकं आमच्या साहेबांनाही सांगता आलं नसतं.

बाबा गेले त्याच्या पुढच्या वर्षी मला बंगळूरला पाठवलं. दोन वर्षांसाठी म्हणून गेले आणि राहिलेच. दर रविवारी दहाच्या सुमारास तुझा फोन. तब्येत कशी, जेवलीस का, असलं तू विचारायचीच नाहीस. थेट बाजारात शिरायचीस. "काय गो, थंय नारळ कितक्याक? कोथिंबीर?" मग तू इकडचे भाव सांगणार आणि आपण दोघी मिळून निकाल लावणार, कुठे स्वस्ताई. आठवडाभर तेच करून रविवारीही तेच, मी वैतागायचे. एकदा तू मांदेलीचा भाव सांगितलास आणि म्हणालीस, बघ, तुमच्या सुरमईपेक्षा आमची मांदेली किती स्वस्त. मी खेकसलेच तुझ्यावर. "असं नसतं गं आई! तुलना करायची तर दोन्हीकडे वस्तू तीच पाहिजे. मांदेलीसमोर मांदेली, सुरमईसमोर सुरमई. आणि मांदेली इथे मिळतच नाही." तू "बरां" म्हणालीस. पुढच्या रविवारी तू सुरमईचा भाव सांगितलास. त्यानंतर एकही रविवार चुकवला नाहीस.

मी सुट्टीवर आले की तू सुरमई करायचीस. ते स्वयंपाकघर माझ्या डोळ्यांसमोर आहे, कचऱ्याच्या डोंगराकडून वारा सुटला म्हणून लावून घेतलेली खिडकी, तव्यावर चुरचुरणाऱ्या तुकड्या, पदराने कपाळ पुसत उभी असलेली तू. मी बसते, तू माझ्या ताटात दोन जाड तुकड्या वाढतेस आणि स्वतः सोलकढी-भात घेतेस. मी विचारलं तर म्हणालीस, दात दुखतोय. मी दुसरी तुकडी संपवता संपवता म्हणाले, "कशाला एवढा घाट घातलास, तिकडे मिळते ना मला." तू हसलीस. त्या हसण्याकडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही, आज दिवसभर तेच दिसतंय.

दरवर्षी ऑफिसात एक फॉर्म यायचा, कुणाला परत मुंबईला जायचं असेल तर भरून द्या. मी तो टेबलाच्या खणात ठेवायचे आणि रविवारची वाट बघायचे. मनाशी ठरवलं होतं, आई एकदा 'ये' म्हणाली की त्याच दिवशी भरून टाकायचा. मला तिथे करमत नव्हतं. संध्याकाळी खोलीवर येऊन कुकर लावायचे आणि तीन शिट्या होईपर्यंत कुणाशी तरी मराठीत बोलावंसं वाटायचं. पण आपण होऊन परत येणं म्हणजे हरून येणं, असं काहीतरी डोक्यात बसलं होतं. तू बोलावलंस तर गोष्ट वेगळी होती. तू मात्र भाव ऐकून घ्यायचीस आणि म्हणायचीस, "थंय बरां आसा तुका. हंय येवन काय करतलंस?" दर वेळी तेच. मग मलाही वाटायला लागलं की तुला माझ्याशिवाय जमतंय. तू गेलीस तेव्हा त्या वर्षीचा फॉर्म खणातच होता.

त्याला नऊ वर्षं झाली. घर भाड्याने दिलं होतं. या वर्षी ऑफिसनेच मला परत पाठवलं, मुंबईची यादी करायला इकडचं माणूस हवं म्हणून. मी आपल्या घरात राहायला आले, पण मासळीबाजाराकडे पाऊल वळत नव्हतं. आज जावंच लागलं. कोपऱ्यातल्या मावशीला सुरमईचा भाव विचारला, लिहून घेतला आणि वळले, तोच ती मागून ओरडली, "ए बाय, थांब! तू त्या तीन नंबरच्या बिल्डिंगमधल्या आजीची पोरगी ना?" मी म्हटलं, तुम्ही कसं ओळखलंत? "अगं, तीपण अशीच! दर रविवारी यायची, सुरमई केवढ्याला विचारायची आणि चालायला लागायची. घ्यायची मांदेली, नाहीतर तेपण नाय. मी एकदा जाम भडकले, बोलले, आजी, घ्यायची नाय तर विचारता कशाला सकाळी सकाळी? तर बोलली, पोरीला फोनवर सांगायचाय, तिला तोच मासा लागतो. तू यायची असलीस तरच सुरमई घ्यायची ती." मग कोयता खाली ठेवून म्हणाली, "मी विचारलं होतं, बोलवत का नाय पोरीला? तर बोलली, तिच्या गावात सगळं स्वस्त आहे, सुखात आहे, हितं महागाईत कशाला ओढू?"

मी मांदेली घेतली आणि घरी आले. मावशीने वर चार जास्तच टाकली होती. साफ करायला बसले. आई, बोलणी खाऊन तू सुरमईचा भाव आणत होतीस आणि मला वाटायचं, फोनवर बोलायला तुझ्याकडे दुसरं काही नाही.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? ऑफिसच्या कोऱ्या यादीच्या पाठीवर लिहिलंय, खणात राहील. पण एक सांगायचं राहिलंय. तिकडे असताना मी घरी एकदाही सुरमई आणली नाही. एकटीसाठी कोण करणार, आणि परवडतही नव्हती. तुला सांगायचे ते भाव ऑफिसच्या यादीतले असायचे, आणि तू काळजी करू नयेस म्हणून दर वेळी मी त्यातले पन्नास रुपये कमी करून सांगायचे. नारळातले पाच, भाड्यातले तर दोन हजार. मला तिथे काहीच स्वस्त नव्हतं गं. ते सगळे पन्नास रुपये पुन्हा त्या भावांत धर, आणि एकदा मला ये म्हण.