दसऱ्यापासूनचं बिल

पौष शु. ३, शके १८६५. परभणी
टेलिफोनचं बिल आलं. आजूर आणि दै, निजाम सरकारच्या दोन्ही फसली महिन्यांचं एकदम, सगळं उर्दूत. मालकांनी नुसता खालचा आकडा बघितला आणि कागद माझ्याकडं सरकवला. म्हणाले, येवढ्यात जिनाचे चार बैल वर्षभर कडबा खातील. मागच्या साली याच दिवसांत निम्मं होतं, ते त्यांना तोंडपाठ.

कापसाच्या या अख्ख्या जिनात फोनवर बोलणारा मी एकटा. तोंड न दिसणाऱ्या माणसाशी बोलायला मालकांना कसंसंच होतं. म्हणून हैदराबादच्या आडत्याला रुईचा भाव विचारायचा, गाठी किती पाठवायच्या ते ठरवायचं, सगळं माझ्याच तोंडून. म्हणजे बिल कुणी फुगवलं हे विचारायलाच नको.

वसंतराव तिथंच पान चघळत बसलेले. मालकांच्या साडूचे भाऊ. दसऱ्याला म्हणून आले, अजून हालायचं नाव न्हाई. म्हणाले, "मी असतो तर दोन मिनिटांत उरकलं असतं." मॅट्रिक झालेत ना, मग बोलणारच.

मालक सरळ बोलले: "मुनीमजी, पुनवेपर्यंत छडा लावा. न्हाईतर फोनवर वसंतरावाला बसवावं लागंल."
फोन गेला की गादी गेलीच. एकवीस वर्षं झाली या गादीवर.

पौष शु. ४
बिल मराठीत उतरवून घेतलं. पंचांग एका मांडीवर, फसली जंत्री दुसऱ्या मांडीवर. एकेक तारीख तिथीला लावायची, मग माझ्या टिपणवहीत बघायचं त्या दिवशी कुणाशी काय बोललो. डोळे दुखले, पण सापडलं! दै महिन्यात एक ट्रंक, म्हणजे परगावचा फोन, जालन्याला लावलेला. तिथी काढली तर कार्तिक अमावस्या. अमावस्येला आमचं जिन बंद, गादीला कुलूप, किल्ली माझ्या कडदोऱ्याला. मग फोन काय भुतानं केला?
लय आनंद झाला. असेच आणखी चार-पाच निघाले की वसंतरावांनी खुशाल पान खात बसावं.

पौष शु. ५
निघाले नाहीत. बाकीचे सगळे ट्रंक माझेच, वहीत नोंद हाय.
पण एक गोष्ट खटकली. तीन मिनिटांच्या आत बोलणं संपलं तर एकपट आकार, वर गेलं की दुप्पट. आजूरच्या पहिल्या दोन दिवसांतले ट्रंक तीन मिनिटांच्या आतले. त्यानंतर एकही नाही. पाच मिनिटं, सहा, सहा, पाच, सहा. आकडा दुप्पट झाला तो इथं.
माझी खात्री, टेलिफोन कचेरीतलं घड्याळ पळायलंय. मालकांना सांगितलं. मालक नुसतं हूं म्हणाले.

पौष शु. ६
मालकांचं खिशातलं घड्याळ मागून घेतलं, समोर ठेवलं आणि हैदराबाद लावलं. बोलून झाल्यावर बघतो तर सहा मिनिटं. सहाच. कचेरीचं घड्याळ बरोबर हाय.
मग गेली कुठं ती मिनिटं? मला माहीत हाय कुठं गेली. "काय म्हणालात?" हे मी आज किती वेळा विचारलं ते मोजलं. अकरा वेळा. लाईन जोडणारा मधला बाबू तीन मिनिटं झाली म्हणून सांगत असतो म्हणे, ते तर मला कधीच ऐकू आलं नाही.
पुढं लिहवत नाही.

पौष शु. ७
लिहितो. कुणाला तरी सांगायला पाहिजे, आणि वहीशिवाय कोण हाय.

आमचे वडील राणीसावरगावला पटवाऱ्याकडं लिखापढी करायचे. पन्नाशीला कान गेले. आधी लोक मोठ्यानं बोलू लागले, मग हसू लागले, मग बोलायचंच सोडून दिलं. शेवटची अकरा वर्षं वडील देवळाच्या पायरीवर बसून असायचे आणि कुणी समोरून गेलं की आपलं उगाच हसायचे. तसलं हसू मला नको.
मला एक्कावन्नावं चालू हाय.

संध्याकाळी मालकांचं घड्याळ कानाला लावून बघितलं. उजव्याला टिकटिक चांगली आली. डाव्याला जराशी कमी, पण तेव्हा बाहेर गाड्या चालल्या होत्या. बायकोला, यमुनेला, म्हटलं, कानात खाजायलंय, लसणाचं तेल कोमट करून दे. तिनं काही विचारलं नाही. ही बाई भाजीत मीठ कमी का म्हटलं तरी दहा प्रश्न विचारते. तेल घालून झाल्यावर नेहमीसारखी माझ्या उजव्या हाताला येऊन बसली आणि ज्वारी निवडत राहिली.

पौष शु. ८
आज फजिती. आडते काहीतरी बोलले, मला कळलं नाही, पुन्हा विचारायची लाज वाटली म्हणून "बरं बरं" म्हणून मोकळा झालो. मग फोनचा चोंगा खाली ठेवल्यावर घाम फुटला. काय बरं? कशाला बरं? चाळीस गाठींना हो म्हणालो की चारशेंना? शेवटी तार करून विचारलं. उत्तर आलं, नुसती घरची ख्यालीखुशाली विचारली होती. तारेचे पैसे माझ्या खिशातून दिले. मालकांच्या वहीत तसला खर्च लावायची हिंमत न्हाई.
वसंतरावांना तारेचा शिपाई दिसला. "मुनीमजी, हल्ली फोनवरचं बोलणं तारेनं करता का?" असं सगळ्यांसमोर. दात काढून हसले. त्यांच्या पानात चुना जास्त पडो.

मालकांना सांगून टाकावं का? एकवीस वर्षं मीठ खाल्लं, फसवणं बरं नाही. पण सांगितलं तर उद्यापासून काय? पालमला धाकटा भाऊ हाय, त्याच्या दुकानी बसायचं, आणि भावजय मोठ्यानं बोलणार. भीती वाटायलीय, खरं सांगतो.

पौष शु. ९
सकाळी देवाला नमस्कार करताना ठरवलं: आधी अमावस्येचा ट्रंक सोडवायचा, मग पुनवेला मालकांना सगळं सांगून गादी सोडायची. जाताना निदान एक हिशोब तरी चोख करून जावं.

पौष शु. १०
काय दिवस! नीट क्रमानं लिहितो.
बिल घेऊन टेलिफोन कचेरीत गेलो. तिथले कादरसाहेब, म्हातारे, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. अमावस्येचा ट्रंक दाखवला. त्यांनी रजिस्टर काढलं, बोट फिरवलं, कपाळाला हात लावला. तो फोन आमच्या शेजारच्या नंबरवाल्यानं केलेला, लिहिणाऱ्याची ओळ चुकली. लगेच कमी करून मोहोर मारून दिली. भला माणूस.
मी सहज म्हणून बाकीच्या मिनिटांचं विचारलं. म्हणाले, "वक्त खोटा न्हाई मुनीमजी. पाहिजे तर हैदराबादच्या बाबूला विचारा, त्याच्याकडं बी लिवलेलं ऱ्हातंय." आणि मी नको नको म्हणेपर्यंत लाईन लावून चोंगा माझ्या हातात दिला. आता इथंही काय म्हणालात, काय म्हणालात करायचं.

चोंगा कानाला लावला. तिकडून माणूस बोलला. ओट्यावर शेजारी बसल्यासारखा! आजूरची तारीख इतकी, मिनिटं इतकी, एकेक अक्षर. त्याच्यामागं कुणीतरी खोकलं तेसुद्धा आलं. मी बोलायचंच विसरलो. तो हॅलो हॅलो करायला लागला, तर मी म्हणालो, बोला, बोलत राहा. कादरसाहेब माझ्या तोंडाकडं बघत होते. मी त्यांना सगळं सांगून टाकलं, परक्या माणसाला, वडिलांचंसुद्धा. ते म्हणाले, "अल्लाच्या मेहेरबानीनं कान ठीक हायत तुमचे. तुमच्या चोंग्याचं काय झालंय ते बघा."

बाहेर येऊन पायरीवर बसलो आणि रडलो. रस्त्यानं लोक जायले होते, जाऊ दे.

पौष शु. ११
कुणी यायच्या आत गादीवर गेलो. चोंग्याचं कानाकडचं आट्याचं झाकण फिरवलं. हलेना. चाकूच्या टोकानं भोकं खरडली तर लाल. मग पिवळं. झाकण निघालं तेव्हा आतून बूच निघालं: हळद, कुंकू, चार अक्षता, आणि त्यांच्यावर तीन महिन्यांचं रुईचं तूस बसून दाबलेल्या लोकरीच्या नमद्यासारखं झालेलं.

दसरा! आजूर तीनला दसरा होता.
सगळं डोळ्यापुढं आलं. मालकांच्या मातोश्री, आमच्या जिजी, दरसाल दसऱ्याला जिनातल्या यंत्रांना, तराजूला, तिजोरीला हळदकुंकू वाहतात. औंदा जिजी फोनपाशी थांबल्या, म्हणाल्या, हा बी आपल्यासाठी राबतो, ह्याचं कुठं लावायचं? ताट माझ्या हातात होतं. आणि मी शहाण्यानं सांगितलं, "जिजी, याचं तोंड आणि कान इथं, भोकांवर लावा चांगलं." ओल्या हळदीत पाची बोटं बुडवून लावलं त्यांनी. मीच सांगितलं! पाच दिवस स्वतःच्या कानांना रडत होतो आणि बूच मीच बसवलेलं.
एकटाच हसलो. हमाल दारात येऊन बघून गेला.

काडीनं सगळं साफ केलं. देवाचं कुंकू म्हणून फेकलं नाही, कागदात बांधून तुळशीत टाकलं.

पौष शु. १३
मालकांना सांगितलं. कानांच्या भीतीचं सोडून बाकी सगळं. ताट मी धरलं होतं तेही सांगितलं. मालक पोट धरून हसले. जिजींच्या मात्र डोळ्यांत पाणी. म्हणाल्या, "म्हंजे माझ्यामुळंच मुनीमजीच्या पोटावर पाय आला असता की." मी म्हटलं, जिजी, लावायची जागा मीच दाखवली. त्या म्हणाल्या, मग पुढच्या दसऱ्याला त्याला कोरडाच ठेवायचा का?

पौष पौर्णिमा
हैदराबाद, दोन मिनिटांत. मालक घड्याळ धरून बसले होते. मी ओरडत नव्हतो म्हणून त्यांना वाटलं लाईनच लागली नाही. आडते म्हणाले, मुनीमजी, आज तब्येत सुधारलेली दिसते. बाबूवर तीन मिनिटांची आठवण करून द्यायची वेळच आली नाही.
गादी राहिली. मालक वसंतरावांना म्हणाले, संक्रांत झाली की जिंतूरच्या गाडीत बसवून देतो. त्यांनी दुसरं पान लावलं. आज मलाही एक दिलं, मी खाल्लं.
घरी येताना उगाच लांबच्या रस्त्यानं आलो. बैलांच्या घुंगरांचा आवाज ऐकत. लय बरं वाटलं.

पौष व. ४, संक्रांत
संध्याकाळी पडवीत बसून मालकांच्या पत्राचा कच्चा मसुदा करायलो होतो. यमुना तिळगूळ घेऊन समोर येऊन उभी राहिली. म्हणाली, आतून तीन हाका मारल्या. म्हटलं, लिहिण्यात गुंग होतो. ती बरं म्हणाली.
आज मन हलकं होतं, म्हणून तिला सगळं सांगितलं. चोंगा, हळदकुंकू, लसणाचं तेल कशाला मागितलं ते. हसेल वाटलं होतं. हसली, पण जराशी. मग म्हणाली, "चोंग्याचं मला काय ठाऊक न्हाई. पर मागल्या संक्रांतीपासून मी तुमच्या उजव्या अंगाला बसायलेय. डाव्या अंगानं बोललं की तुमी नुसतं हूं म्हनता."

मला वाटायचं, तिथं चुलीची ऊब येते म्हणून बसते.

तिनं तिळगूळ हातावर ठेवला आणि तिथंच बसली, उजवीकडं. उजवा चांगला हाय, कचेरीत चोंगा उजव्यालाच लावला होता, हे आत्ता लिहिताना आठवलं. गादीवर फोन डाव्या हाताला असतो, म्हणून चोंगा डाव्याच कानाला जातो. उद्या लवकर जाऊन तो उजवीकडं घ्यायचा.